एक मीटर साठचा डोंगर

कचेरीत तिला सगळे टाचणीबाई म्हणत. तोंडावर नाही, तोंडावर नुसतं "बाई". पण पाठ वळली की टाचणीबाई, आणि हे तिला चांगलं ठाऊक होतं. नाव पडायला दोन कारणं होती. एक तिची जीभ. चुकीच्या माणसाला चुकीच्या जागी नेमकं टोचायचं तिचं कसब असं होतं की नकाशा विभागात शिरताना शिपायापासून साहेबापर्यंत सगळे आधी मनातल्या मनात स्वतःची चूक शोधून ठेवत.

दुसरं कारण खरोखरच्या टाचण्या. शहराच्या पाणीपुरवठ्याच्या त्या कचेरीत ती सव्वीस वर्षं नकाशे काढत आणि तपासत आली होती. मोजणीची माणसं गावभर फिरून जागोजाग जमिनीची उंची मोजून आणत. हा बिंदू इतका उंच, तो तितका. पण बिंदू म्हणजे शेवटी ठिपके. दोन ठिपक्यांच्या मधली जमीन कुणीच मोजलेली नसते, ती हिशेबाने ठरवावी लागते. आता हे काम संगणक करी, डोळ्याचं पातं लवायच्या आत. तरी बाईच्या टेबलामागे मऊ लाकडाचा एक जुना फळा अजून उभा होता. त्यावर कागद पसरायचा, प्रत्येक बिंदूवर उंचीच्या प्रमाणात टाचणी कमी-जास्त रोवायची आणि टाचण्यांच्या डोक्यांवरून दोरा ताणायचा. तीन टाचण्यांचा एक त्रिकोण, त्याला लागून दुसरा, त्याला लागून तिसरा. संध्याकाळपर्यंत अख्खी टेकडी दोऱ्यांत उभी राही.

"आपल्याला जमीन दिसत नाही, जमिनीचा अंदाज दिसतो," ती नव्याने आलेल्या प्रत्येकाला सांगे. "अंदाज करणाऱ्यानं नम्र असावं."

आता ती स्वतः नम्र होती असं तिच्या वैऱ्यानेही म्हटलं नसतं. "सव्वीस वर्षांत माझी एक रेघ खोडावी लागलेली नाही," हे वाक्य तिने इतक्यांदा ऐकवलं होतं की शिपाई तिच्या आधी ते पूर्ण करायचा.

त्या वर्षी नवी योजना आली. टेकडीवर मोठी टाकी बांधून झाली होती. तिथून पाणी पंपाशिवाय, आपल्या वजनाने उतरणार आणि घराघरात नळ येणार होता. अर्थात, जिथे उतरता येईल तिथेच. इंजिनियर लोकांनी हिशेब करून सांगितलं की छप्पन्न मीटर उंचीपर्यंतच्या घरांना पाणी मिळेल, त्यावरच्यांना नाही. म्हणजे नकाशावर छप्पन्न मीटरची सगळी ठिकाणं जोडणारी जी रेघ निघेल, तिच्या खाली नळ आणि वर "पुढचा टप्पा". पुढचा टप्पा म्हणजे काय हे कचेरीत सगळ्यांना माहीत होतं. ते उच्चारताना लोक छताकडे बघत.

लोकांच्या हरकती ऐकायच्या सुनावणीच्या पाच-सहा दिवस आधी वगळलेल्या गल्ल्यांची कच्ची यादी बाहेरच्या फळ्यावर लागली. त्याच दुपारी बाईची थोरली बहीण तिच्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. ठेंगणी, गुडघ्यांनी थकलेली, पण आवाज खणखणीत. हे घराणंच तसं.

"तुझ्या कचेरीनं मला डोंगरावर नेऊन ठेवलंय, तुला पत्ता तरी आहे का?"

"काय झालं, ताई? आधी बस."

"बसत नाही. 'शाळेमागची गल्ली, उंच भाग, वगळला.' वाचून आलेय मी. बासष्ट वर्षांची झाले, गुडघे गेले माझे, आणि मला आज कळतंय की रोज मी डोंगर चढत होते!"

शाळेमागच्या गल्लीत अडतीस घरं होती आणि सगळ्यांत मिळून एक नळ. तोही गल्लीबाहेर, शाळेच्या कोपऱ्यावर, सकाळी दीड तास चालणारा. थोरली तिथून दोन्ही हातांत दोन बादल्या घेऊन यायची. मध्ये तीनदा थांबायची, आणि थांबल्यावर कुणी बघितलं तर शेजारणीशी काहीतरी बोलल्यासारखं करायची. बाईने अनेकदा म्हटलं होतं, माझ्याकडे राहायला ये. "माझं घर आहे," एवढंच उत्तर मिळायचं.

"यादीत चूक असेल," बाई म्हणाली.

"मग काढ ती. शाळेची टाकी भरून वाहिली की पाणी कुठं येतं? माझ्या उंबऱ्यात. पाणी डोंगर चढून येतं का गं? तू शिकलेली, तूच सांग."

बाईच्या अंगाचा तिळपापड झाला, कारण ताईचं म्हणणं बिनतोड होतं. शाळा रेघेच्या खाली होती, शाळेला पाणी मिळणार होतं. शाळेतून वाहत येणारं पाणी ज्या गल्लीत शिरतं ती गल्ली शाळेहून उंच? ती उठली आणि तडक संगणकाच्या खोलीत गेली.

तिथे बसणाऱ्या गृहस्थाला तिनेच नाव दिलं होतं, गुळगुळीतराव. पंचेचाळिशीचा, नीटनेटका, पेन्सिलींची टोकंसुद्धा एका उंचीची ठेवणारा माणूस. त्याची पद्धतही तशीच. सगळ्या बिंदूंवरून एक चादर ताणायची, अशी की प्रत्येक बिंदूला ती टेकली पाहिजे, आणि मधे कुठेही उगीच सुरकुती पडता कामा नये. त्यातून निघालेली जमीन दिसायला फारच देखणी असे.

त्याने पडद्यावर शाळेमागची गल्ली आणली. शाळेच्या भिंतीपासून जमीन हळूहळू चढत गेली होती, गल्लीभर एक गोलसर उंचवटा, आणि पलीकडे रस्त्याकडे सावकाश उतार. बघत राहावं असा डोंगर.

"त्या गल्लीत मी लहानपणापासून जातेय," बाई म्हणाली. "तिथं चढ नाही. एक पायरीसुद्धा नाही."

"बिंदू आहेत ना, बाई. चौदा आहेत गल्लीत. मी मनानं नाही काढलेलं."

"मग झाकून बघ."

ही तिचीच जुनी रीत होती आणि गुळगुळीतरावाने ती संगणकाला शिकवली होती. एक बिंदू झाकायचा, तो नाहीच असं धरायचं. मग शेजारच्या बिंदूंना विचारायचं, याची उंची किती असावी? जवळच्याचं जास्त ऐकायचं, लांबच्याचं कमी. शेजाऱ्यांनी सांगितलेला आकडा आणि खरा मोजलेला आकडा जुळला तर बिंदू खरा. नाही जुळला तर कुठेतरी पाणी मुरतंय.

"झाकलेत मी," तो शांतपणे म्हणाला. "तीन हजार एकशे बारा बिंदू, एकेक करून. सरासरी फरक सहा सेंटिमीटर. आणि तुमच्या बहिणीच्या गल्लीत चार. सगळ्या शहराहून चांगला."

बाई तोंडात मारल्यासारखी गप्प झाली. खोलीतले दोघे-तिघे एकदम आपापल्या कामात फार गढून गेले. टाचणीबाईला गप्प झालेलं बघायचा योग काही रोज येत नाही.

संध्याकाळी साहेबांनी बोलावलं. साहेब वाईट माणूस नव्हता, पण योजना वेळेत उरकायची या एका गोष्टीने तो पछाडलेला होता.

"बाई, नकाशावर 'तपासले' म्हणून तुमची सही राहिलीये. आणि तुम्ही म्हणे त्या एका गल्लीवरून अडून बसलात. ती गल्ली तुमच्या बहिणीची ना?"

"हो."

"मग लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील बाईला बहीण आहे. तिची जमीन त्यानं वर-खाली होत नाही."

साहेबांनी सुस्कारा सोडला. "हे बघा, मुख्य नकाशाकाराच्या जागेसाठी तुमचं नाव मी वर पाठवतोय. नऊ वर्षं अडलंय ते. शुक्रवारी सुनावणी आहे. त्याआधी सही करून टाका आणि मोकळ्या व्हा."

बाईने सही केली नाही. ती टेबलापाशी गेली आणि जुना फळा भिंतीपासून ओढून उजेडात आणला.

पुढचे तीन दिवस तिने टाचण्या रोवल्या. शाळेचं आवार, गल्ली, पलीकडची गोदामं, रस्ता. दोरे ताणले. गल्लीतल्या चौदा टाचण्या डोकी वर काढून उभ्या राहिल्या. एक उपटून बघितली, दोरा तिथल्या तिथे राहिला, कारण शेजारच्या तेराही तितक्याच उंच. दुसरी उपटली, तेच. गुळगुळीतरावाचं गणित बरोबर होतं, एकाही बिंदूने शेजाऱ्यांविरुद्ध तक्रार केलेली नव्हती.

चौथ्या दिवशी दुपारी डबा खाताना ती त्या चौदा टाचण्यांकडे बघत बसली होती. आणि तिला एकदम कळलं की आपण विचारतोय कुणाला. चौदा जणांनी मिळून एकच थाप मारली असेल, तर त्यातल्या एकाला बाहेर काढून बाकीच्या तेरांना विचारण्यात काय अर्थ? ते तीच थाप मारणार, आणि चार सेंटिमीटरचाही फरक पडू न देता मारणार.

तिने डबा बाजूला सारला आणि चौदाच्या चौदा टाचण्या उपटल्या.

आता विचारायचं ते फक्त बाहेरच्यांना. शाळेचं आवार, गोदामाची पायरी, रस्ता. पेन्सिल घेऊन, जवळच्याचं जास्त आणि लांबच्याचं कमी ऐकत, तिने चौदा उंच्या कागदावर काढल्या. पंचावन्नच्या थोड्या वर. कुठे पंचावन्न पॉइंट शून्य पाच, कुठे पंचावन्न पॉइंट तीन. सगळ्या रेघेच्या खाली. मग शेजारी मोजलेल्या उंच्या लिहिल्या आणि वजाबाकी केली. एक पॉइंट अठ्ठावन्न. एक पॉइंट एकसष्ट. एक पॉइंट साठ. एक पॉइंट बासष्ट. शेवटपर्यंत तेच.

ती खुर्चीवरून उठलीच. जमीन कधी एका मापात फसवत नाही. इथे हातभर, तिथे बोटभर, असं तिचं चालतं. चौदा ठिकाणी मोजून-मापून दीड मीटरवर थोडी, ही लबाडी जमिनीची नव्हेच. ही काठीची!

मोजणी करताना एक जण यंत्रापाशी उभा राहतो आणि दुसरा लांब, जमिनीवर काठी टेकवून. काठीच्या टोकाला आरसा असतो, यंत्र त्या आरशाची उंची मोजतं आणि त्यातून काठीची लांबी वजा करून जमिनीची उंची सांगतं. काठी दोन मीटरची. मधे कुठे भिंत आड आली तर ती ओढून लांब करता येते, तीन मीटर साठपर्यंत. पण लांब केली की यंत्रात तसा आकडा टाकावा लागतो. नाही टाकला तर यंत्र दोनच मीटर वजा करतं आणि जमीन बिचारी एक मीटर साठने वर जाते.

"सापडलं!" बाई एवढ्या मोठ्याने ओरडली की शिपाई धावत आला. "कोण होता त्या दिवशी यंत्रावर? कुठल्या दीडशहाण्याने आकडा टाकला नाही? आज त्याला सोडत नाही मी."

मोजणीच्या वह्या कपाटात होत्या. त्या आता कुणी उघडत नसे, सगळं यंत्रातच साठतं. पण बाईने हट्टाने वह्या चालू ठेवायला लावल्या होत्या. आठ महिन्यांपूर्वीची वही तिने काढली, पानं उलटली आणि बरोबर पान सापडलं. पेन्सिलीत लिहिलं होतं, "शाळेच्या भिंतीआड दिसत नाही. काठी ३.६०. बिंदू ८११ ते ८२४." कोपऱ्यात चहाचा गोल डाग.

अक्षर तिचं होतं.

पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय, ते जमिनीवर उभं आयुष्य काढलेल्या त्या बाईला त्या क्षणी कळलं. तिला तो दिवस आठवला. यंत्रावरचा माणूस तापाने पडला होता, म्हणून कितीतरी वर्षांनी तीच मोजणीला गेली होती. यंत्र शाळेच्या आवारात लावलं होतं. गल्लीतली काठी भिंतीआड गेली, म्हणून तिने ओरडून सांगितलं, वाढव. आणि नेमकी तेव्हा थोरली शाळेच्या फाटकातून आत येऊन कप पुढे करत म्हणाली होती, "दोन घोट घे गं, उन्हात काळी पडलीस." एका हातात कप, दुसऱ्या हाताने वहीत नोंद. जुन्या काळी तेवढं पुरायचं, कारण हिशेब कचेरीत येऊन वहीवरूनच व्हायचा. वहीत लिहिलं म्हणजे झालं, हे तिच्या हाडात मुरलेलं. यंत्रात आकडा टाकायचं ती विसरली. साफ विसरली. सगळ्यांना वही लिहायला लावणारी ती, आणि तिची चूक वहीनेच दाखवली.

तिने वही उघडीच ठेवली. मग काठीमामाला बोलावणं धाडलं. काठी धरण्यात त्याची तीस वर्षं गेली होती, त्या दिवशीही तोच होता. त्याने पान वाचलं आणि दार लोटून घेतलं.

"फाड," तो हलकेच म्हणाला. "कोण बघतंय वह्या?"

"आणि गल्लीचं काय?"

"सांग यंत्र बिघडलं होतं. यंत्र थोडंच बोलणार आहे?"

"मामा, यंत्र बिघडलं म्हटलं तर तीन हजार बिंदू संशयात जातात. पुन्हा मोजणी, वर्षभर कुणालाच पाणी नाही. हे पान असेल तरच चौदा बिंदू चुकलेत, आणि चौदाच चुकलेत. दुसरा पुरावाच नाही."

"अगं, पण तुझी अब्रू! एक रेघ खोडली नाही म्हणून सांगत असतेस. सगळी कचेरी तोंडावर हसेल."

"सव्वीस वर्षं बरोबर होते ते मिरवलं ना? आता चुकले तेही मिरवीन. हसू देत. दात तरी दिसतील एकेकाचे."

तिने वही काखेत घेतली आणि मामाने लोटलेलं दार उघडलं.

आधी ती संगणकाच्या खोलीत गेली. माफी मागायची सवय नसल्याने ती उभ्याउभ्याच म्हणाली, "तुझी चादर ठीक आहे. खालची टाचणी माझी वाकडी होती." गुळगुळीतरावाने पेन्सिली पुन्हा एकदा सारख्या केल्या.

मग साहेब. साहेबांनी पान दोनदा वाचलं, चष्मा काढला, पुसला, घातला.

"हे आणखी कुणाला माहीत आहे?"

"मला, मामाला, संगणकावरच्याला."

"मग तिथंच राहू दे. गल्ली पुढच्या टप्प्यात घेऊ." साहेबांनी छताकडे बघितलं. "उद्या भरसभेत नकाशात चूक निघाली तर प्रत्येक गल्ली उठून उभी राहील. आमचंही मोजा, आमचंही मोजा. वही इथं ठेवून जा."

"वही माझ्याकडे राहील."

"बाई, मी तुम्हाला वाचवतोय!"

"मला कुणी बुडवत नाहीये, साहेब. पाणी त्या गल्लीला नाहीये."

साहेबांचा चेहरा लाल झाला. "ठीक. सही मी दुसऱ्याची घेतो. पण उद्या सभेत तुम्ही तोंड उघडायचं नाही. हा हुकूम समजा."

शुक्रवारी सभागृह गच्च भरलं होतं. तिसऱ्या रांगेत थोरली बसली होती आणि तिच्याभोवती शाळेमागची अख्खी गल्ली. पडद्यावर शहराची जमीन, तिच्यावर छप्पन्नची निळी रेघ. कळफलकावर गुळगुळीतराव. बाईला मागच्या रांगेत, दाराशी जागा दिलेली.

थोरली उठली. टाकीचं वाहतं पाणी, उंबरा, सगळं तिने पुन्हा सांगितलं. लोक हसले. साहेबही हसले, मायेने.

"आजी, तुम्हाला वाटतं तसं नसतं. डोळ्यांना फसायला होतं. हा संगणकाचा हिशेब आहे, यात चूक होत नाही."

"होते," मागून आवाज आला. "मी केली."

बाई उभी राहिली होती. वही तिने छातीशी धरली होती. साहेबांनी हाताने खाली बसायची खूण केली. ती रांगेतून वाट काढत पुढे आली, आणि पडद्यापाशी उभी राहून तिने ते पान मोठ्याने वाचलं. तारीख, बिंदू, काठी तीन मीटर साठ. "हे मी वहीत लिहिलं आणि यंत्रात टाकायला विसरले. ही चूक ना यंत्राची, ना संगणकाची. माझी. त्या चुकीनं गल्ली एक मीटर साठ वर गेली."

"बाई, बसा खाली!"

"बसते, साहेब. एवढं सांगा, काठी वाढवावी का लागली? भिंतीवरून दिसत नव्हती म्हणून. नकाशात दाखवलीये तेवढी ती गल्ली उंच असती तर दोन मीटरची काठी भिंतीवरून खुशाल दिसली असती. गल्ली खाली आहे म्हणून काठी वर केली, आणि काठी वर केली म्हणून गल्ली वर गेली. आता मला काय करायचं ते करा. शिक्षा मला द्या. गल्लीनं काय केलंय?"

ती गुळगुळीतरावाकडे वळली. "आठशे अकरा ते आठशे चोवीस. दोनच्या जागी तीन पॉइंट सहा टाक."

त्याने साहेबांकडे बघितलं. साहेबांनी मान नकारार्थी हलवली. गुळगुळीतराव आयुष्यात पहिल्यांदाच साहेबांच्या मानेविरुद्ध गेला. चौदा आकडे टाकले आणि कळ दाबली.

पडद्यावरचा देखणा डोंगर बसला. सुजलेल्या पोटरीची सूज उतरावी तसा बसला आणि सपाट झाला. निळी रेघ गल्लीच्या खालून निघाली, घरांवरून सरकत गेली आणि टेकडीच्या पायथ्याशी जाऊन थांबली. शाळेमागची गल्ली उठून ओरडायला लागली. कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी साहेबांना जाब विचारायला धावले.

थोरलीने टाळ्या वाजवल्या नाहीत. तिने बहिणीकडे बघितलं, आणि ते बघणं बाईला साहेबांच्या हुकुमापेक्षा जड गेलं. "म्हणजे तूच," एवढंच ती म्हणाली, आणि गुडघे सांभाळत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी चार माणसं आणि यंत्र पाठवून गल्ली पुन्हा मोजून घेतली. दुरुस्त केलेल्या आकड्यांशी सगळ्यात जास्त फरक तीन सेंटिमीटरचा निघाला. गल्लीचं नाव यादीतून गेलं. आणखी सहा गल्ल्यांनी मोजणी मागितली, साहेब म्हणाले होते तसंच. सहाही ठिकाणी जुने आकडे बरोबर निघाले, हे मात्र साहेब म्हणाले नव्हते.

बाईला कागद मिळाला. "कामात गंभीर निष्काळजीपणा व वरिष्ठांच्या आदेशाची अवज्ञा." मुख्य नकाशाकाराची जागा दुसऱ्याला गेली. तिने कागद शांतपणे वाचला, पोच म्हणून सही केली, आणि मग मामाकडून मोजपट्टी मागवून घेतली. जमिनीपासून मोजून भिंतीवर खूण केली आणि चार टाचण्यांनी तो कागद तिथे लावून टाकला.

"काढा तो," साहेब म्हणाले.

"लेखी द्या," ती म्हणाली. "तोही शेजारी लावीन."

साहेबांनी लेखी दिलं नाही.

थोरली मात्र बोलेना. बाई दोनदा तिच्या दारात जाऊन आली. दार उघडं असे, खुर्ची पुढे केली जाई, शब्द नाही. तिसऱ्यांदा जायचा धीर तिला झाला नाही. भरसभेत ताठ उभी राहिलेली ही बाई बहिणीच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन परत फिरली. जागा गेली त्याचं तिला काही वाटत नव्हतं. हे मात्र आत कुठेतरी सलत राहिलं.

पाच महिन्यांनी, एका सकाळी कचेरी उघडून तास झाला असेल. बाई फळ्यावर वाकली होती. टेबलावर काहीतरी ठक्कन आपटलं. बघते तर पाण्याची बाटली, आणि मागे थोरली, धापा टाकत.

"घे. डोंगरावरचं आहे."

बाईने नुसती खुर्ची पुढे केली.

"बसत नाही," थोरली म्हणाली आणि बसली. "आज पहाटे आलं. मोरीत, भिंतीतून. मी तशीच बघत उभी राहिले. बादली भरून वाहायला लागली तरी नळ बंद करायचं सुचेना." मग तिची नजर भिंतीकडे गेली. "हे काय लावलंयस?"

"शिक्षा. माझी."

थोरली उठून कागदापाशी गेली. वाचायला तिला मान वर करावी लागली, टाचा उचलाव्या लागल्या. "आणि एवढं वर कशाला? माणसाला वाचता तरी यायला हवं."

"एक मीटर साठ आहे ते, ताई. एवढीच वर नेऊन ठेवली होती मी तुला."

थोरलीने वळून भिंतीला पाठ लावली, ताठ उभी राहिली आणि डोक्यावर आडवा हात धरला. हात कागदाच्या खालच्या कडेपर्यंतही पोचला नाही. ती तशीच उभी राहून हसायला लागली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले.

"बये, डोक्यावरून गेलं होतं की गं माझ्या!"

"हो."

"बरं झालं उतरवलंस. आता पी ते, कोमट व्हायच्या आत."

बाईने बाटलीचं झाकण काढलं आणि आधी ती थोरलीपुढे धरली.